नाकावरचा दुपट्टा आणि रशियन बाटली

दारूच्या बाटलीचं बूच काढायच्या आधी चाचा खांद्यावरचा दुपट्टा नाकावरून घ्यायचे आणि मानेमागे त्याची गाठ मारायचे. मग तोंड भिंतीकडे फिरवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून पेल्याकडे बघत, दोन बोटं दारू ओतायचे. बूच घट्ट बसलं, बाटली कपाटात गेली, की दुपट्टा खाली. "हात माहा, जीभ तुमची," असं म्हणून ते ट्रे उचलायचे. मी पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला पडसं झालंय.

पडसं वगैरे काही नव्हतं. चाचा पाच वेळचे नमाजी होते आणि जंगलखात्याच्या विश्रामगृहाचे खानसामा होते. आता खानसाम्याला साहेबलोकांचे पेले भरावे लागतात, त्याला इलाज नाही. म्हणून चाचांनी स्वतःपुरता एक कायदा करून घेतला होता. ओतायचं ते नोकरी म्हणून. पण थेंब जिभेवर घ्यायचा नाही आणि वास नाकात जाऊ द्यायचा नाही. मी एकदा विचारलं, "चाचा, वासाचं कुठे लिहून ठेवलंय का?"

"लिहून नसन," चाचा म्हणाले. "पन मले माह्या नाकाचा भरोसा नाई, बाबू. आज नाक गेलं, उद्या जीभ मांगून जाईन."

ही एकोणीसशे पन्नासनंतरच्या पाच-सहा वर्षांतली गोष्ट. तेव्हा गडचिरोली जिल्हा वेगळा झाला नव्हता, चंद्रपूरला सगळे चांदाच म्हणत, आणि आलापल्लीच्या पुढे गेलं की सागाशिवाय डोळ्यांना दुसरं काही दिसत नसे. मी चिमूरचा. नोकरी लागली ती तिकडे आत, जंगलखात्याच्या रेंज ऑफिसात, कारकून म्हणून. ऑफिस आणि विश्रामगृह एकाच आवारात होतं. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली, मला धड भात शिजवता येत नव्हता. त्यामुळे ऑफिस सुटलं की माझे पाय आपोआप चाचांच्या रसोड्याकडे वळत. चाचा मूळचे चांद्याचे. घरी हिंदी, आमच्याशी झाडीची मराठी, आणि साहेबांशी दोन्हींची खिचडी.

त्यांची कीर्ती होती ती लेमनसाठी. साहेबलोक लेमन म्हणायचे म्हणून आम्हीही लेमन म्हणत असू. होतं लिंबाचं सरबतच. पण तुम्ही-आम्ही करतो तसं नव्हे. विश्रामगृहाच्या मागे, मोरीच्या पाण्यावर वाढलेलं एक लिंबाचं झाड होतं. चाचा दुपारी त्यावरची लिंबं काढून आणत आणि टेबलावर तळव्याखाली एकेक लिंबू लोळवत बसत. चांगलं मऊ होईपर्यंत. "त्याले उठवा लागते," म्हणायचे. साखरेचा पाक सकाळीच करून, सुरईत घालून गार केलेला असे. लिंबू पिळायचं ते कापडातून, कारण एक बी जरी आत राहिली तरी तासाभरात सगळं कडू. चिमूटभर शेंदेलोण. पुदिन्याची दोन पानं तळहातावर ठेवून त्यावर दुसऱ्या हाताने एक टाळी, आणि पानं पेल्यात. बर्फ लाकडाच्या ट्रकातून चांद्याहून यायचा. साग घेऊन गेलेला ट्रक परत येताना भुशात पुरलेली लादी घेऊन यायचा, आणि इथे पोचेपर्यंत लादीची वीट झालेली असे. शेवटी गोळीच्या बाटलीतला सोडा, तोही पेल्याच्या कडेवरून सावकाश. लांब चमच्याने एकदाच ढवळायचं. मी उत्साहाने दुसऱ्यांदा चमचा फिरवायला गेलो की माझ्या हातावर चापट बसे.

"सोडा रुसते न."

दारू घालायची असेल तर ती सोड्याच्या आधी. पण त्याच्याही आधी चाचा मला हाक मारत, "बाबू, जीभ आना." बिनदारूच्या लेमनचा एक घोट मी प्यायचा आणि आंबट-गोड बरोबर आहे का ते सांगायचं. ते स्वतःही चाखू शकले असते, त्यात कुठे दारू होती? पण चाचांचा हिशेब असा की ज्या पेल्यात पुढे दारू पडणार आहे, त्या पेल्याची चव आपण आधीपासूनच घेऊ नये. मला काय, मी आनंदाने जीभ घेऊन जात असे. उन्हाळ्यात तर ऑफिसची फाइल अर्धी टाकून.

आमचा चौकीदार लालसू, तो माडिया गोंड. वयाने चाचांच्या बरोबरीचा. त्याचं म्हणणं, एवढं लिंबू पिळण्यापेक्षा घरची मोहाची घ्यावी आणि गप पडावं. एका साहेबांनी हौसेने मोहाच्या दारूत लेमन घालून मागितलं होतं. चाचांनी दुपट्टा बांधला, दिलं करून. साहेबांनी एक घोट घेतला आणि पेला कुंडीत ओतला. तेव्हापासून लालसू ती कुंडी दाखवून सांगत असे की मोहाचा अपमान झाला म्हणून ह्यातलं झाड मेलं. चाचा सांगत की लिंबाचा अपमान झाला म्हणून मेलं. दोघांचं ह्यावरून रोज चाले आणि रोज शेवटी दोघं एकाच बिडीवर यायचे.

एका हिवाळ्यात सूरजागडच्या डोंगरातलं लोखंड बघायला एक रशियन पाहुणा आला. दोन दिवस विश्रामगृहात राहिला. हा एवढा धिप्पाड, नाक उन्हाने सोललेलं, आणि सोबत पाण्यासारख्या पांढऱ्या दारूच्या दोन बाटल्या. व्होडका. आम्ही कोणी ते नाव तोवर ऐकलेलं नव्हतं. एक बाटली त्याने चाचांच्या लेमनमध्ये घालून दोन दिवसांत संपवली. जाताना चाचांना उचलून मिठी मारली, आणि दुसरी बाटली आमच्या डीएफओ, म्हणजे जंगलखात्याच्या मोठ्या साहेबांसाठी ठेवून गेला. चाचा ती मिठी खूप दिवस विसरले नाहीत. "बरगडी गेली माही," म्हणून छाती चोळून दाखवत. रिकामी बाटली त्यांनी राखेने घासून, धुऊन, मोरीजवळच्या फळीवर ठेवली. जंगलात बाटली कोणी फेकत नाही.

इथपर्यंत माझा काही गुन्हा नाही. पुढे आहे.

रमजानचे शेवटचे दहा दिवस आणि ईद, एवढी रजा चाचा दरवर्षी घ्यायचे. त्या वर्षी ती ऐन उन्हाळ्यात आली. चाचा चांद्याला गेले आणि इकडे पेट्रोमॅक्सच्या स्पिरिटचा डबा गळायला लागला. पेट्रोमॅक्स ज्यांनी पेटवला नसेल त्यांना सांगतो. त्याच्या वाटीत आधी थोडं स्पिरिट जाळून दिवा तापवावा लागतो, मग तो रॉकेल घेतो. नाहीतर नुसता धूर. स्पिरिट म्हणजे विष. ते पिऊन लोक आंधळे होतात, मरतात, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत. लालसू गळका डबा घेऊन माझ्याकडे आला. मी फाइलीतून डोकं वर न काढता म्हटलं, "ती रशियन बाटली आहे ना रिकामी, तिच्यात भर. आणि वर कपाटात ठेव, खाली उंदीर पाडतील."

लालसूने भरलं आणि कपाटात ठेवलं. तिथे साहेबांची दुसरी रशियन बाटली होतीच. साहेबांनी मार्चमध्ये ती फोडली होती, तळाशी चार बोटं उरली होती. स्पिरिटही तेवढंच होतं. तीच बाटली, तोच कागद, त्यावर तीच उलटीसुलटी अक्षरं, आणि दोन्हींना आमचीच बुचं. मी हे सगळं विसरून गेलो. कारकुनाच्या डोक्यात दुसऱ्याच्या चुका राहतात, आपल्या राहत नाहीत.

ईद करून चाचा परत आले, आणि दुसऱ्याच दिवशी डीएफओ साहेब जीप घेऊन हजर. सोबत नागपूरचे सासरे, न्यायाधीश होऊन निवृत्त झालेले, आणि मेहुणा. साहेबांनी सासऱ्यांना रस्ताभर चाचांच्या लेमनचं कौतुक सांगितलं असणार, कारण जीपमधून उतरता उतरताच ते म्हणाले, "खानसामा, लेमन. आणि ती रशियन बाटली आज संपवून टाका. सगळं काचेच्या जगातच करा."

लाकडाच्या डेपोवर संध्याकाळी ट्रक भरायचे होते, म्हणून जीप लगेच तिकडे गेली. लालसूला पेट्रोमॅक्ससकट घेऊन गेली. रसोड्यात चाचांनी लिंबं लोळवली, मला हाक मारली, मी जीभ नेली, आणि "फर्मास" म्हणालो. मग चाचांनी दुपट्टा बांधला, कपाट उघडलं, आत असलेली एकुलती एक बाटली काढली आणि भिंतीकडे तोंड करून सगळी जगात रिकामी केली. मी तिथेच उभा होतो. माझ्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही.

व्हरांड्यात पहिला पेला झाला. सासरे म्हणाले, "जरा कडक आहे." साहेब म्हणाले, "रशियन आहे, अशीच असते."

माझं लक्ष त्या बाटलीवर होतं. सुंदर बाटली. बायको माहेरून आली की तेलाला होईल म्हणून मी ती उचलली, पाणी घालून चांगली तीनदा खळखळवली आणि पालथी घातली. तेवढ्यात आठवलं की तिची जोडीदार आहे. दोन मिळाल्या तर बरंच. म्हणून कपाट उघडलं. कपाट रिकामं होतं.

मला पहिल्यांदा नुसतं नवल वाटलं. मग कळलं. एक बाटली लालसूने नेली होती, एक चाचांनी ओतली होती. लालसूला वाचता येत नाही, आणि येत असतं तरी रशियन कुठून येणार? त्याने डाव्या हाताची नेली की उजव्या हाताची? आणि जी उरली ती मी तीनदा धुऊन ठेवली होती, वासाला जागा न ठेवता. मी जगात नाक घातलं. पुदिना, लिंबू. पुन्हा घातलं. आता मला स्पिरिटचाच वास येऊ लागला. तिसऱ्यांदा काहीच येईना. भ्यालेल्या माणसाच्या नाकाला काही अर्थ नसतो.

"चाचा," मी म्हटलं, आणि कसंबसं सांगितलं. डबा गळला, रिकाम्या बाटलीत स्पिरिट भरलं, दोन्ही बाटल्या कपाटात होत्या. भरलं, असं म्हणालो. कोणाच्या सांगण्यावरून, ते माझ्या तोंडून निघालं नाही.

चाचांनी जगाकडे पाहिलं, मग हातातल्या दुपट्ट्याकडे. मी म्हटलं, "चाचा, जरा थांबू. जीप येईल आता. लालसूला विचारू, मग बघू. उगाच कशाला..."

"तिघं जनं पेऊन राह्यले तिकडे," चाचा म्हणाले, "अन् तू मले थांब म्हनतं?"

चाचांनी मला अरेतुरे केलं ते तेवढंच एकदा. जग उचलून ते व्हरांड्याकडे निघाले. मी मागे. साहेब मनात आणते तर दुसऱ्या दिवशी चाचा घरी बसते, आणि वीस वर्षांची नोकरी एका जगात जाती. आणि साहेबांचं काही बरंवाईट झालं असतं तर नोकरीवरही भागलं नसतं.

"साहेब, गिलास खाली ठेवा," चाचा म्हणाले. "गलती झाली. बाटलीत दारू व्हती का दिव्याचं इस्पिरिट, मले सांगता येत नाई. दोन बाटल्या एकसारख्या व्हत्या. म्या वास नाई घेतला. नाकाले दुपट्टा व्हता."

तिघे एकदम बोलायला लागले. मेहुणा उठला आणि चाफ्याच्या झाडामागे जाऊन घशात बोटं घालू लागला. साहेब ओरडले, "जीप कुठे आहे?" जीप डेपोवर. डॉक्टर अहेरीला. सायकलवर जावं तर पोचेस्तोवर सकाळ. सासऱ्यांनी मात्र न्यायाधीशाला शोभेल अशा आवाजात मीठ-पाणी मागितलं. चाचांनी धावत जाऊन तांब्याभर मीठ-पाणी केलं. सवयीने त्यातही अर्धं लिंबू पिळलं.

साहेब खुर्चीच्या कडेवर बसले होते. "भरलं कोणी बाटलीत स्पिरिट?" त्यांनी विचारलं.

मी चाचांच्या मागे उभा होतो. माझं तोंड उघडलं होतं, शपथेवर सांगतो. त्यातून आवाज आला नाही.

"रसोड्यातली हरेक बाटली माह्या ताब्यात हाय, साहेब," चाचा म्हणाले. "दुसऱ्या कोनाले काऊन विचारता?"

मग त्यांनी काय करावं? जगात राहिलेलं लेमन त्यांनी एका पेल्यात ओतलं. पेला भरला. दुपट्टा खांद्यावर होता, तो तिथेच राहू दिला. "चाचा!" मी ओरडलो. त्यांनी ऐकलं नाही. डोळे मिटून, औषध घ्यावं तसा, तो पेला एका दमात रिकामा केला आणि पायरीवर जाऊन बसले.

"जे तुमचं होईन, ते माहं," ते म्हणाले. "आज जीभ बी माही."

मला रडू फुटलं. लाजेने म्हणा, भीतीने म्हणा. सासरे तांब्या हातात घेऊन चाचांकडे नुसते बघत राहिले.

आता वाट बघण्याशिवाय काही हातात नव्हतं. स्पिरिट पोटात गेलं तर पहिल्यांदा डोळे जातात, असं साहेबांनी ऐकलं होतं. म्हणून त्यांनी डोळे तपासायचं ठरवलं. समोर फाटकापाशी एक मोठा साग होता. त्याच्या बुंध्यावर खात्याने पांढऱ्या रंगात नंबर घातलेला होता.

"नंबर वाचा," साहेब म्हणाले.

"दोनशे सोळा," सासरे म्हणाले. मेहुणाही दोनशे सोळा म्हणाला. साहेबांनाही दिसला. चाचांना आकडे वाचता येत नसत, पण "तीन निशान्या हायेत" असं ते म्हणाले. सगळ्यांना जरा बरं वाटलं.

थोड्या वेळाने पुन्हा नंबर वाचला. सासरे म्हणाले, "दोन दिसतो. पुढचा एक आहे की सात?" मेहुणा म्हणाला, "मला सहा दिसत नाहीये." साहेब डोळे चोळून पुन्हा पुन्हा बघत होते. आणखी थोडा वेळ गेला. आता सासऱ्यांना साग दिसत होता, नंबर दिसत नव्हता. "अंधुक झालं," ते म्हणाले, आणि त्यांनी जावयाचा हात धरला. मेहुणा हुंदके देऊ लागला.

"चाचा, तुम्हाला?" मी विचारलं.

"पहिले तीन निशान्या व्हत्या," चाचा शांतपणे म्हणाले. "आता एक बी दिसून नाई राह्यली."

मी फाटकाकडे पाहिलं. मलाही नंबर दिसेना. मी डोळे ताणले. साग काळा झालेला, त्यावर पांढरं काही नाही. मनात आलं, केलं ना मी पाप, आता देव माझेही डोळे नेतोय. "साहेब," मी रडतच म्हटलं, "मलाही दिसत नाही हो."

"तूही प्यायलास?" सासऱ्यांनी दरडावून विचारलं.

"नाही साहेब. मी बिनदारूचं प्यायलो."

"मग तुला का दिसत नाही?"

सासरे न्यायाधीश होते, त्यांनी मान वर करून आभाळाकडे पाहिलं, मग आवाराकडे, मग आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे. ती तोंडंही आता नीट दिसत नव्हती.

"अरे, दिवेलागण झाली आहे," ते म्हणाले.

खरंच झाली होती. रोज ह्या वेळेला लालसू पेट्रोमॅक्स लावून व्हरांड्यात टांगत असे. आज पेट्रोमॅक्स डेपोवर होता, आणि आम्ही पाचजण त्या अंधारात बसून आंधळे होत होतो. पहिल्यांदा मेहुणा हसला, हुंदके देता देताच. पण साहेब हसले नाहीत. अंधार पडला म्हणजे डोळे शाबूत आहेत, असं थोडंच ठरतं. आणि तेवढ्यात सागांमधून जीपचा आवाज आला.

जीपचे दिवे नाहीत आधी दिसले. आधी दिसला तो पेट्रोमॅक्स. लालसू जीपच्या मागच्या बाजूला उभा होता, एका हाताने दांडी धरून आणि दुसऱ्या हातात दिवा उंच धरून. झगझगीत पांढरा, सूं सूं करत जळणारा, जराही न फडफडणारा. फाटकातून जीप आत आली तेव्हा सागावरचा दोनशे सोळा लख्ख उजळला.

"पेटला!" मी ओरडलो. "साहेब, दिवा पेटला! स्पिरिट त्याच्याकडे आहे!"

लालसूला काही कळेना. त्याच्या कमरेच्या फडक्यात रशियन बाटली खोचलेली होती. मी ती ओढून घेतली आणि बूच काढलं. स्पिरिटचा असा गोड वास मला आयुष्यात पुन्हा कधी आला नाही. ती बाटली मग हातोहात फिरली. साहेबांनी हुंगली, सासऱ्यांनी हुंगली, मेहुण्याने दोनदा हुंगली. शेवटी चाचांकडे आली. त्यांनीही नाकाशी धरली, चांगला लांब श्वास घेतला, आणि मग पायरीवर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्यांचे खांदे हलत होते. लालसूने दिवा खाली ठेवला आणि त्यांच्या शेजारी बसून बिडी काढली.

साहेबांची रागावण्याची वेळ टळून गेली होती, आणि रागवावं तर कोणावर? सासरेच म्हणाले, "इतकी वर्षं कोर्टात बसलो. इतक्या लवकर कबूल झालेला गुन्हा मी पाहिला नाही." मग जावयाकडे वळून म्हणाले, "ह्या माणसाला हात लावशील तर मी तुझ्या घरी येणार नाही." साहेबांना ही धमकी वाटली की सोय वाटली, ते मला माहीत नाही. पण चाचांची नोकरी राहिली.

मागच्या विहिरीवर चाचा किती चुळा भरत होते, त्याची गणती नाही. मी बादली ओढून देत होतो. न राहवून विचारलं, "चाचा, कशी लागली?"

त्यांनी विचार केला. "लिंबू बराबर झालं व्हतं," ते म्हणाले. "बाकी मले काई समजलं नाई. त्याच्यात हाय काय? एवढ्यासाठी लोक घरदार इकतेत?" आणि तोंड पुसून नमाजाला गेले. पुढचे तीन दिवस त्यांनी रोजे धरले, भर उन्हाळ्यात.

त्यानंतर दुपट्टा नाकावर कधी चढला नाही. बाटली उघडली की चाचा आधी नाक लावून, डोळे मिटून चांगला वास घेत. "नाकाचा गुना अल्ला माफ करन," म्हणत, "दुसऱ्याच्या डोळ्याचा नाई करनार." थेंब मात्र जिभेवर पुन्हा गेला नाही. आणि दिवेलागणीच्या आत व्हरांड्यात दिवा टांगलेला नसेल तर साहेब असो की साहेबाचा बाप, लेमन मिळत नसे.

बाटलीत स्पिरिट भरायला लावलं ते मी, हे मी त्यांना सांगायचं रोज ठरवत होतो. लिंबू लोळवताना सांगू, बिडी ओढताना सांगू. जमलं नाही. ते मला पूर्वीसारखेच हाक मारत, "बाबू, जीभ आना," आणि मी पूर्वीसारखाच जात होतो, पण एक घोट घेऊन लगेच ऑफिसात परत येत असे. दोन वर्षांनी माझी बदली झाली. ट्रकात सामान चढवलं तेव्हाही तोंड उघडलं होतं. चाचांनी माझ्या हातात लिंबांची पिशवी दिली आणि म्हणाले, "जाजा, बायकोले करून पाजजा. एकदाच ढवळजा." ट्रक सुटला.

पुढे मी पुष्कळ वर्षं भंडाऱ्याकडे होतो. चाचा निवृत्त होऊन चांद्याला गेले, हे कानावर आलं होतं. एकदा कामाने चांद्याला गेलो तेव्हा मुद्दाम वेळ काढला. ह्या वेळी सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. जटपुरा दरवाज्याच्या आत विचारत विचारत घर सापडलं. दार चाचींनी उघडलं. मी नाव सांगितलं. त्या मागे सरल्या, मला खाटेवर बसवलं आणि सांगितलं की चाचांना जाऊन दोन हिवाळे झाले.

एवढी वर्षं जे सांगायचं होतं, ते ऐकणाराच आता नव्हता. खाटेवर बसून मी समोरच्या भिंतीकडे बघत राहिलो. तिथल्या कोनाड्यात एक बाटली होती. कागद पिवळा पडलेला, पण अक्षरं तीच, उलटीसुलटी.

"तुमीच का ते जंगलातले बाबू? चाखनारे?" चाचींनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

त्यांनी कोनाड्यातली बाटली काढली. आत लिंबू पिळलेला सरबताचा पाक होता. पेला, सुरई, सगळं त्यांनी माझ्यापुढे मांडलं. पण पाक पेल्यात ओतला नाही. बूच काढून बाटलीच माझ्या हातात दिली.

"आधी हुंगा," त्या म्हणाल्या.

"काऊन, चाची?" माझ्या तोंडून पण त्यांचीच भाषा निघाली.

"आता मले का मालूम? ते सांगून गेले. म्हने, बाबू कवा ना कवा येईन. आला का बाटली पहिले त्याच्या नाकाले लावजो, मंगच सरबत देजो." चाची थोड्या हसल्या. "म्या विचारलं, असं काऊन? तर म्हने, 'बाटलीत काय भरलं ते बाबूच्या ध्यानात राहत नाई.'"

मी बाटली नाकाशी धरली. डोळे भरून आले होते, त्यामुळे जरा वेळ लागला. लिंबाचा वास होता, साखरेच्या पाकाचा होता. बाकी कशाचाच नव्हता.

"बरोबर आहे," मी चाचींना म्हटलं. "द्या."